केरबा वस्तादाची पाठ

ये गं रेवती, मनानं तरी इकडं माझ्याजवळ येऊन बस. फोनवर तुला धड रागावताही येत नाही. मध्येच तुझी सासू खोलीत येते, की तू लगेच "बरी हाय आत्या, मजेत हाय" म्हणतेस आणि फोन ठेवतेस. म्हणून हे लिहायला घेतलं. काल मला ऐकू आलं बरं का. बोलता बोलता तू फोन तसाच टाकून पळालीस, आणि मोरीतून जो आवाज आला तो काही मजेत असलेल्या बाईचा नव्हता. आणि परत येऊन वर मलाच समजूत घालतेस! "दिवस गेल्यावर सगळ्यांनाच होतंय की आत्या. सासूबाई म्हणत्यात, ओकलं तरी परत खायचं, पोटाला वळण लागतंय." शाब्बास. एवढी शिकलीस, शाळेत पोरांना विज्ञान शिकवतेस, आणि हे ऐकून मान हलवलीस?

पोटाला वळण लागतंय. हे वाक्य मी याआधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलंय. तू त्याला बघितलंयस. लहानपणी सुट्टीला मंगळवार पेठेत माझ्याकडं यायचीस तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागलेल्या घराच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून तो बसलेला असायचा, आणि त्याच्या मिशीला घाबरून तू माझ्या पदरात शिरायचीस. केरबा वस्ताद. घाबरण्यासारखं त्या माणसात तेवढंच होतं, मिशी.

वस्ताद म्हणजे तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारा. या केरबानं जन्मात एका पोराला एक डाव शिकवला नाही. तरणा होता तेव्हा दोन-तीन वर्षं तालमीत जायचा खरा, पण मातीत कमी आणि कुंडीपाशी जास्त. दगडी कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप घोटून दुधात कालवायची, तिला थंडाई म्हणायचं. बाकीची पोरं घाम गाळायची, हा बदाम सोलायचा. पुढं साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी लागली. तिथं खुर्ची टाकून बसायचं आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला "कुठलं गाव, पावणं?" विचारायचं, एवढ्या कामावर जन्म काढला. तरी पेठेत नाव काय, तर वस्ताद. मीही त्याला "अहो वस्ताद" म्हणायचे, ते टोचायला. त्याला ते कधी टोचलं नाही. काही माणसांची कातडी म्हशीची असते, सुई आत जातच नाही.

त्याच्या आयुष्यात कुस्ती एकच. गडहिंग्लजकडच्या कुठल्या तरी जत्रेत. तुझे काका, म्हणजे आमचे हे, तिथं हजर होते, म्हणून खरं काय ते मला कळलं. केरबानं लंगोटावर लांग चढवली, माती कपाळाला लावली, मिशीवर हात फिरवला आणि असा जोराचा शड्डू ठोकला की झाडावरची पाखरं उडाली. त्या शड्डूचा आवाज विरायच्या आत हा आभाळ बघत पडला होता. समोरचा गडी कोण, तर त्या गावातला दूध घालणारा पोरगा! कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं, हे तुला ठाऊक आहेच. पण केरबा उठला तो ओरडतच उठला, "माती ओली हुती! पाय सरला! ही कुस्ती धरायची न्हाई!" आणि त्यानं ती धरली नाही. पुढं जन्मभर ज्याला त्याला सांगत राहिला, "ह्या केरबाची पाठ अजून लागल्याली न्हाई."

सांगत राहिला असता तर हरकत नव्हती. कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत असा एक असतो. पण याचं ते वेड डोक्यात चढलं. चारचौघांत हा कधी आडवा व्हायचा नाही. खुर्चीत ताठ बसायचा, डुलकी लागली तर मान छातीवर पडायची पण पाठ टेकायची नाही. आणि दुसरा कुणी दिवसा आडवा दिसला की याच्या अंगावर काटा. आमच्या ह्यांना एकदा ताप भरला होता. हा दारातूनच गरजला, "काय ओ, पाठ लावली काय?" ह्यांनी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाले, "व्हय वस्ताद. माती कोरडी हाय आज." मी आत भाकरी थापत होते, हसू दाबता दाबता भाकरी करपली. केरबा मात्र गंभीरपणानं म्हणाला, "खुराक वाढवा."

खुराक! हे त्याचं दुसरं वेड. खुराक म्हणजे पैलवानाचं खाणं, दूध, तूप, बदाम, अंडी. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर याच्याकडं एकच औषध. पडसं, खुराक. गुडघा, खुराक. शेजारच्या काकूंना मोतीबिंदू झाला तर त्यांनाही हा म्हणाला, "बदाम खावा, पडदा फाटतोय." संध्याकाळी दूधकट्ट्यावर जायचा, म्हशीच्या सडाखाली पितळी गलास धरून फेसाळ दूध घ्यायचा, तिथंच उभ्यानं प्यायचा, आणि मिशीवरचा फेस पुसायच्या आधी कुणाला तरी सल्ला द्यायचा. फेस पुसला की सल्ल्याचं वजन कमी होतं असा त्याचा समज असावा.

बायको लवकर गेली बिचारी. सुटली म्हणते मी. मागं राहिला एकुलता पोरगा, संभा. त्याला पैलवान करायचा म्हणून सकाळ-संध्याकाळ थंडाई. त्या पोराच्या पोटाला दूधच सोसायचं नाही. प्यायचा, ओकायचा. ओकला की केरबा लगेच दुसरा गलास भरायचा. "तालमीचा नेम हाय. ओकलं की परत पाज. पोटाला वळण लागतंय." खरं तर असला नेम कुठल्या तालमीत नाही. मी पुढं एकदा एका खऱ्या वस्तादांना विचारलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "आक्का, ओकलेल्या पोराला आम्ही घरी धाडतो. झोप म्हणतो." संभा काही पैलवान झाला नाही. वाळक्या शेंगेसारखा राहिला, एमआयडीसीत कारखान्याला लागला, आणि आजही लग्नात कुणी मसाला दूध पुढं केलं तर तो मांडवाबाहेर जातो.

तर या घरात सुरेखा सून म्हणून आली.

शिरोळकडची पोर. ऊस, म्हशी, मळ्याची माणसं. महापुरात म्हशीच्या शेपटाला धरून पोहत निघालेली. हसायला लागली की आमच्या स्वयंपाकघरात भांडी वाजायची. अशक्त पोर नव्हती हे आधी ध्यानात घे, म्हणजे पुढचं कळेल. उलट्या नाजूक बाईलाच होतात असं समजणारे खूप असतात.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिवस राहिले. सुरुवातीला सकाळी मळमळ, एखादी उलटी, ते सगळ्यांसारखंच. मग ते सकाळपुरतं राहिना. फोडणीच्या वासानं, साबणाच्या वासानं, संभाच्या डोक्याच्या तेलाच्या वासानं. आणि केरबाचा आनंद गगनात मावेना! सुनेनं मोरीत ओकारी काढली की हा बाहेर खुर्चीत मिशी पिळायचा. "ऐकलंसा? गडी खडाखडी करालाय आत! असल्या उलट्या पोरीच्या येळंला हुतच न्हाईत. हा मल्ल हाय, मल्ल!" खडाखडी म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीची ती हाताची झटापट. म्हणजे बघ, ती पोर आतडी पिळवटून ओकते आहे आणि हा बाहेर प्रेक्षकात बसून नातवाची कुस्ती बघतो आहे. गल्लीतल्या बायाही काही कमी नाहीत. "कडक डोहाळे हायत, पोरगाच हुतोय बघ," म्हणून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायच्या.

आणि मग खुराक सुरू झाला. पहाटे उठून केरबा स्वतः कुंडी घेऊन बसायचा. घोटण्याचा तो घर्र घर्र आवाज भिंतीतून माझ्या उशीपर्यंत यायचा. दुधावर तुपाचा तवंग, वर बदाम. सुरेखा नुसत्या वासानं भिंतीला धरायची. "मामा, नको वो." आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. "मामा, पाया पडते, नुसतं पाणी द्या." केरबा म्हणायचा, "पाण्यावर कुस्त्या हुतात व्हय? पी." ती प्यायची, मोरीत जायची, बाहेर यायची, आणि हा दुसरा गलास घेऊन उभा. कट्ट्यावरचं कच्चं दूध. आणि ओकून ओकून पोर जमिनीवर अंग टाकायला गेली की, "दिवसाढवळ्या पाठ लावती? ऊठ! पोटातला गडी काय शिकंल?"

मी बोलले नाही असं नाही. एकदा भिंतीवरून बोलले, एकदा त्याच्या दारात जाऊन बोलले. "अहो वस्ताद, ती दुखणाईत आहे, तिला दवाखान्यात न्या." तर म्हणाला, "आक्का, तुमाला काय कळतंय खुराकातलं?" संभाला म्हटलं, तर तो चपलेकडं बघत बसला. "दादा ऐकत न्हाईत, आक्का." बापाला तो दादा म्हणतो. सत्तावीस वर्षांचा बाप्या, आणि बापासमोर शाळकरी पोर. मला केरबाचा राग यायचा, संभाची किळस यायची. काय एकेक!

मग एका सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. सुरेखा पलीकडं भांडी घासायला बसली होती. खळ्ळ असा आवाज आला. बघते तर तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या राखेच्या घमेल्यात पडलेल्या. काढल्या नव्हत्या गं. आपोआप पडल्या. बांगडीवालीनं भरताना ज्या बांगड्या साबण लावून, हात दाबून, पोरीला रडवून चढवल्या होत्या, त्या हात खाली केल्याबरोबर मनगटावरून घसरून राखेत गेल्या. केरबा आवाज ऐकून मागं आला. रिकामे हात बघून ओरडला, "भरल्या घरात बांगड्या काढतीस? लाज हाय का?"

सुरेखानं वर बघितलं. ओठ फुटलेले, डोळे खोल. म्हणाली, "काढल्या न्हाईत मामा. पडल्या."

एवढंच. आणि पुढच्या क्षणी ती बसल्या जागी कलंडली.

मी कपडे तसेच टाकले आणि मागच्या दारानं त्यांच्यात शिरले. तिला हलवलं तर अंगाला ताप नाही, पण जीभ लाकडासारखी. कानाशी लागून विचारलं, "लघवीला कधी गेलतीस?" म्हणाली, "काल सकाळी. चहासारखी झाली, आक्का." आणि पाणी? "घोटभर बी ऱ्हाईना झालंय." मला डॉक्टरकी येत नाही, पण एवढं कळतं. रोपाला पाणी लागत नसेल तर वरून खत घालून काय उपयोग? मी संभाला हाक मारली. सुट्टीचा वार होता, घरातच होता. "रिक्षा आण," म्हटलं. तो गेला, आणायला मात्र पळत गेला, हे त्याच्या बाजूनं सांगते.

आम्ही दोघांनी तिला उचलून सोप्यात आणलं, तर उंबऱ्यात केरबा. पाय फाकवून उभा, जसा आखाड्यात उभा असायला हवा होता तसा. हातात पितळी गलास, काठोकाठ भरलेला.

"ह्यो गलास संपंल तवा ही दाराबाहीर पडंल. रिकाम्या पोटी दवाखान्यात गेली म्हंजी सुया टोचून मारत्यात."

"अहो वस्ताद, बाजूला व्हा."

"आक्का, तुम्ही शेजारी हायसा, शेजाऱ्यावानी ऱ्हावा."

"संभा," मी म्हटलं, "तुझ्या बायकोला काही झालं तर मी ह्या गलासाचं नाव पोलिसात सांगीन. तुझ्या बापाचं नाही. गलासाचं. कारण ह्या घरात त्याचंच चालतं."

संभानं सुरेखाचा भार माझ्या खांद्यावर दिला. बापाजवळ गेला. मला वाटलं, आता पाया पडणार. त्यानं बापाच्या हातातून गलास घेतला, डोळे मिटले, आणि सगळा, तवंगासकट, बदामासकट, एका दमात पिऊन टाकला. लहानपणापासून ज्याच्या वासानं मांडव सोडायचा, ते दूध. रिकामा गलास बापाच्या हातात उलटा ठेवला.

"संपला, दादा. आता सरका."

केरबा सरकला. का सरकला ते त्यालाही कळलं नसेल. गलास संपेल तेव्हा जाल, असं तोच बोलला होता ना? स्वतःच्याच डावात सापडला.

आम्ही रिक्षात बसलो तोवर संभाच्या पोटात ते दूध उकळायला लागलं होतं. कोपऱ्यावर रिक्षा थांबवून तो गटारापाशी वाकला. थोडं पुढं गेलो तर सुरेखा वाकली. मग परत संभा. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "आक्का, पेशंट नक्की कोन हाय? दोघांचं भाडं येगळं पडंल." आणि रेवती, त्या सगळ्या हालात सुरेखा हसली. आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. पण मला तेवढ्यावर धीर आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. जीभ बघितली, वजन केलं, लघवी तपासायला घेतली. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किती दिवस झालं असं? ह्याला डोहाळे म्हणत नाहीत. डोहाळ्यात बाई चिंच मागते. हा आजार आहे. पोटात काहीच राहत नाही म्हणून हिचं शरीर स्वतःचीच चरबी जाळून चाललंय, ते लघवीत दिसतंय." मी विचारलं, सलाईन लावणार का. म्हणाल्या, लावणार, पण आधी एका जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मगच साखरेचं पाणी. इतके दिवस उपाशी असलेल्या बाईला आधी साखर चढवली तर मेंदूला धोका होऊ शकतो म्हणे. संभानं घाबरत विचारलं, "बाई, उलटी थांबायच्या औषधानं बाळाला काय हुतंय?" त्या म्हणाल्या, "ह्या दिवसांत चालतील अशी औषधं आहेत, आम्ही बघून देतो. तुम्ही मनानं दुकानातून आणू नका. आणि औषधाला काय घाबरताय, बाईला पाणी मिळत नव्हतं त्याला का नाही घाबरलात?" संभानं परत चपलेकडं बघितलं. पण यावेळी त्यानं बघावं असंच होतं.

सोनोग्राफी झाली. बाळाचं काळीज टिकटिकत होतं. सुरेखा पाठीवर सपाट पडली होती, हातात सुई, डोळे मिटलेले. किती दिवसांनी तिला कुणी पडू दिलं होतं कोण जाणे.

संध्याकाळी केरबा आला. डोक्याला फेटा, हातात किटली. वॉर्डाच्या दारात उभा राहून त्यानं पलंगाकडं बघितलं. आजूबाजूला दहा बायका, त्यांची माणसं, आणि याचा आवाज ढोलासारखा, "पाठ लागली की गं पोरी तुजी!"

सुरेखानं डोळे उघडले. हळू म्हणाली, "लागली, मामा. लई बरं वाटालंय."

सगळा वॉर्ड हसला. कशाला हसतोय हे कुणाला ठाऊक नसताना हसला. नर्सनं किटलीचं झाकण उघडून वास घेतला. "बाबा, कच्चं दूध? गरोदर बाईला? बाहेर न्या आधी." मला वाटलं होतं आता तरी हा माणूस खाली मान घालेल. मी निघताना बघितलं तर व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसून सगळी किटली स्वतःच पीत होता, आणि शेजारच्या पावण्याला सांगत होता, "हितल्या डाक्टरांस्नी खुराकाचं ग्यान न्हाई."

चार दिवसांत सुरेखाला घरी सोडलं. आणि घरी म्हणजे माझ्या घरी, मागच्या खोलीत. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, वासापासून लांब ठेवा. लगेच बरी झाली असं समजू नकोस. गोळ्या चालू होत्या, तरी मध्ये एकदा परत सलाईनला न्यावी लागली. पण आता काय करायचं ते ठाऊक होतं. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्या मूठभर कोरडे चुरमुरे. पाणी गटागट नाही, चमचा चमचा, थंड. बर्फाचा खडा चघळायला. गरम जेवणाचा वास उठतो, म्हणून भात गार करून त्यात दही. ज्या दिवशी जे जाईल ते. एकदा तिला सलग तीन दिवस नुसतं कलिंगड गेलं, मी कलिंगड दिलं. मी तिला "खा" असं एकदाही म्हटलं नाही. "काय जाईल?" असं विचारायचे. एवढाच फरक असतो गं, सगळा तेवढ्यातच असतो.

केरबा रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारायचा, "आक्का, ओकली काय आज?" आणि विचारण्यात आशा असायची, मेल्याच्या! मी "ओकली" म्हटलं की मिशी वर. एके दिवशी म्हटलं, "नाही, आज एकदाही नाही." तर मिशी भिंतीखाली गेली. भिंतीवरून त्याचा फेटा तेवढा दिसत होता. तिथूनच बारीक आवाजात म्हणाला, "मग गडी... हाय न्हवं?" मला त्याची क्षणभर कीव आली. म्हटलं, "आहे हो वस्ताद, धडधाकट आहे." तर लगेच म्हणतो, "तर बी एक गलास लावून बघूया का?" माझी कीव तिथंच संपली. परत कधी आली नाही.

पोरगी झाली. गोरीगोमटी, आवाज आजोबाचा. बाळंतपण नीट झालं. केरबा दोन दिवस दवाखान्याकडं फिरकला नाही. खुर्चीत बसून मिशीकडं दुर्लक्ष करत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. तिसऱ्या दिवशी दूधकट्ट्यावर गेला आणि फेसाळ गलास हातात घेऊन पेठेला जाहीर केलं, "पोरगी हाय, पन खुराकाची हाय! पोटात आसताना पाजलाय तिला म्या!" बारशाला पाळण्यातनं तिला उचललं आणि गदेसारखी खांद्यावर घेऊन मिरवलं. बायका म्हणाल्या, "वस्ताद हुते म्हनून सून निभावली." संभा माझ्याकडं बघून हसला. सुरेखानं डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या आक्का. मी जाऊ दिलं. पण विसरले नाही, आणि तुला सांगितल्याशिवाय राहणारही नाही.

केरबा गेल्या वर्षी गेला. गल्लीच्या तोंडाला हा एवढा मोठा डिजिटल बोर्ड लागला. फेटा, मिशी, खाली मोठ्या अक्षरांत 'पाठ न लागलेला मल्ल'. तुझ्या नवऱ्यानं त्याच्या फोटोखाली मोबाइलवर हात जोडलेले पाठवले होते, मी बघितलं.

मला मात्र तो आठवतो, तो त्याआधी महिनाभर बघितलेला. दुपारची वेळ. सुरेखाकडं विरजण मागायला गेले होते. दार उघडं. आत सोप्यात, शहाबादी फरशीवर, केरबा उताणा पडला होता. सपाट. तोंड उघडं, मिशी दोन्ही गालांवर सांडलेली, फेटा लांब गेलेला. आणि त्याच्या छातीवर ती खुराकाची नात घोड्यावर बसावी तशी बसली होती. दोन्ही हातांनी त्याचे खांदे फरशीला दाबून धरलेले. मला बघून किंचाळली, "आजी, बघ! आज्याची पाठ लागली!"

आतून सुरेखाचं हसू आलं, आणि मांडणीवरची भांडी वाजली.

केरबानं एक डोळा उघडला. माझ्याकडं बघितलं. उठायचा प्रयत्न केला, नातीनं परत दाबलं. मग तिथूनच, उताण्या उताण्या, छातीवर ते ओझं घेऊन मला म्हणाला, "आक्का, फरशी ओली हुती."

कोरडी ठणठणीत होती गं फरशी. उन्हाचा पट्टा पडला होता तिच्यावर.

तर रेवती, पोटाला वळणबिळण काही लागत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडं जा. पाणी राहत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर उद्याचीही वाट बघू नकोस. सासूबाईंना माझं नाव सांग, भांडण माझ्याकडं पाठव. आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की जावयाला सांग, नेसरीहून सावकाश गाडी चालवत इथं आणून सोड. मागच्या खोलीत गादी घातली आहे, चुरमुऱ्याचा डबा उशाशी ठेवला आहे, आणि माझ्या घरात दिवसाउजेडी पाठ टेकली तर कुणी कुणाला विचारत नाही. ये लवकर.